ती टॅब्लेट, तो टॅब्लेट

कर्कॉडीच्या हॉस्पिटलात एकतीस वर्षं
मी टॅब्लेट मोजल्या.
पाच-पाचच्या ओळीने, बोथट सुरीने
निळ्या ट्रेवरून सरकवत,
अठ्ठावीस, छप्पन्न, चौऱ्याऐंशी.
तेव्हा ती टॅब्लेट होती.
आता हाय स्ट्रीटवरच्या दुकानात
साखळीने टेबलाला बांधलेला
तो टॅब्लेट आहे.
माझं वय एकोणसत्तर, बजेट ऐंशी पौंड.

रुअरी नावाचा मुलगा, हनुवटीवर मोजून तीन केस,
विचारतो, कशासाठी हवाय?
साधाच प्रश्न. मी अडते.

बसची वेळ बघायला.
डॉक्टरची वेळ घ्यायला, फोन आता कुणी उचलत नाही.
भरती किती वाजता, ते.
रविवारी वाईच्या वन्संना तोंड दाखवायला
(त्या पडदा कानाला लावतात,
मला अर्धा तास त्यांची कुडी दिसते).
रेडिओ. शब्दकोडं.

एवढंच? असं तो विचारत नाही,
त्याची भुवई विचारते.
एवढंच.
सगळं आयुष्य सांगून झालं
आणि पार्किंगची चाळीस मिनिटं अजून शिल्लक.

तो एक दाखवतो तीनशे चाळीसचा,
उडदाच्या पापडासारखा पातळ,
त्यावर चित्रं काढता येतात म्हणे पेन्सिलीने.
रेडिंगहून मुलगा बजावतो, आई, चांगला घे,
पैसे मी टाकतो.

चांगला म्हणजे काय रे?
एकतीस वर्षं मी लोकांना स्वस्तातली गोळी दिली,
औषध तेच, खोका साधा,
कंपनीचं नाव कुणाच्या लक्षातही राहू नये असं.
कुणी कुरकुरायचे, आमची ती गुलाबी कुठे गेली?
ताप पांढरीनेही उतरायचा.

चौऱ्याहत्तर पौंडांचा तो कोपऱ्यात होता.
जाडसर, कडा गोल, जरा मंद,
बोट लावलं की विचार करून हलणारा.
हातात तोलला.
सवयीने नारळासारखा कानाशी नेऊन हलवलाही.
रुअरी हसला नाही. चांगल्या घरचा असावा.

अक्षरं किती मोठी होतात?
त्याने करून दाखवली. पडद्यावर चारच शब्द मावले.
आवाज?
दुकानातली माणसं वळून बघू लागली.
चार वर्षांनी मात्र हा नवीन काही शिकणार नाही, तो म्हणाला,
प्रामाणिकपणे, आवाज खाली आणून.
म्हटलं, मी तर कधीच थांबवलंय.

कव्हर पस्तीसचं. नाकापेक्षा मोती जड,
उशीचा जुना अभ्रा आहे घरी.
तीन वर्षांचा विमा?
बाळा, माझाच आता कुणी उतरवत नाही.

घरी येऊन शेजारच्या एल्स्पेथ गेडिसला फोन केला,
ये बघायला, टॅब्लेट आणलाय.
पलीकडे बराच वेळ शांतता.
मग, दुकानातला?

विसरलेच होते.
इथे टॅब्लेट म्हणजे वडी.
साखर, लोणी, आटीव दूध,
ज्यांचे दात शाबूत आहेत त्यांच्यासाठी.
दर हिवाळ्यात ती मला डबाभर देते,
आणि मी चौऱ्याहत्तर पौंड मोजून
परक्याची आणली!

दहा मिनिटांत ती दारात, हातात बशी,
ओठ घट्ट मिटलेले.
अभ्र्यातून यंत्र बाहेर काढलं तेव्हा
आधी खुर्चीवर बसली, मग हसली,
मग डोळे पुसायला रुमाल मागितला.

खोका सांगत होता, प्रथम पूर्ण चार्ज करा.
आम्ही केला नाही.
वडी तोंडात, बोट पडद्यावर,
भरती सहा चाळीसला, हे तिने मोठ्याने वाचलं,
चष्म्याशिवाय, दोनदा.
खिडकीतून समुद्र तसाही दिसत होता.

ती गेल्यावर पुसायला घेतला.
काचेवर साखरेची पाच बोटं,
तिची की माझी, कळेना.
ओलं फडकं हातात घेऊन
मी सवयीने मोजत बसले.